सदस्य नसलेली लिस्ट

तो मला पहिल्यांदा भेटला तो अशा जागी, जिथे कुणीच नसायला हवं होतं.

आमचं ग्रंथालयांसाठीचं मोफत सॉफ्टवेअर ठिकठिकाणचे लोक फावल्या वेळात मिळून लिहितात. त्यांच्या मेलिंग लिस्ट लावून देणं माझं काम – लिस्टला लिहिलं, की ती मेल फक्त तिच्या सदस्यांना पोचते. नवख्यांचे प्रश्न एकीकडे, चुकांच्या तक्रारी दुसरीकडे, भांडणं शक्यतो कुठेच नाहीत. भाषांतराची लिस्ट मात्र ओस पडली होती. एकही सदस्य नाही. बंद करण्याआधी रीत म्हणून मी लिहिलं, ‘ही लिस्ट बंद करतेय. कुणाची हरकत?’

लगेच उत्तर. ‘माझी आहे.’

खाली सही – रखवालदार. माझ्याआधी हे काम बघणारा, वर्षभरापूर्वी अचानक गप्प झालेला. मी सदस्यांचं पान पुन्हा उघडलं. रिकामंच.

‘तुम्ही लिस्टवर नाही. माझी मेल पोचली कशी?’

‘हाक ऐकली, आलो. वाद घालायचा की गप्पा मारायच्या?’

अंगावर काटा आला... आणि हसूही.

मग रोज रात्री खिडकीबाहेर धुकं दाटायचं, आणि मी त्या ओसाड लिस्टवर लिहीत बसायचे. तो माझं शुद्धलेखन सुधारी, मी त्याचा आगाऊपणा.

‘लॅपटॉपकडे बघून लाजणारी मुलगी पहिल्यांदाच पाहतेय,’ मावशी म्हणाली.

तिला कसं सांगू? त्याची उत्तरं सकाळपर्यंत नाहीशी होत. उरत फक्त माझी – एकटीच बडबडत असल्यासारखी.

शेवटी विचारलं, ‘भेटू या?’

पत्ता आला. त्याखाली – ‘लवकर ये. इथे फार शांत आहे.’

दार त्याच्या बहिणीनं उघडलं. माझं ऐकता ऐकता तिनं भिंतीचा आधार घेतला.

‘दादा गेल्या वर्षीच्या अपघातापासून शुद्धीवरच नाही. लॅपटॉप तर तेव्हाच चुरडला...’

आतल्या खोलीत तो निजला होता. मी खुर्ची ओढली.

‘आले रे मी.’

पापण्या थरथरल्या. ओठ हलले.

‘उशीर... केलास.’

बहीण मटकन खाली बसली.

तो नीट बोलू लागला, तेव्हा कळलं – त्याला एकही मेल आठवत नव्हती. शुद्धीवर येताना म्हटलेलं ‘उशीर केलास’सुद्धा नाही.

‘म्हणजे मी ज्याच्या प्रेमात पडले, तो तू नाहीसच?’

तो माझ्याकडे बघत राहिला, अनोळखी माणसाकडे बघावं तसा. मग हळूहळू तसं नाही.

‘ते मला सांगता यायचं नाही,’ तो म्हणाला. ‘पण तुम्ही उठून गेलात तर मला करमणार नाही, एवढं कळतंय.’

‘तुम्ही?’

‘आपली ओळख आजचीच ना. अहो-जाहोपासून सुरुवात करू.’

मी डोळे पुसले, खुर्ची आणखी जवळ घेतली.

‘बरं,’ म्हटलं. ‘बोला, अहो.’