कड्यावरची फुंकणी

चढाईच्या क्लबात तिला सगळेच वहिनी म्हणत, कारण तिला तिथे पहिल्यांदा आणलं होतं ते तिच्या धाकट्या दिराने. आता मात्र कड्यावर लटकून बोल्ट ठोकायचं काम वहिनीचं, आणि खाली उभं राहून दोर धरायचं काम भाऊजींचं.

समुद्राकडच्या कड्यावरचे जुने बोल्ट बदलायचे होते. गेल्या महिन्यात भार पडताच त्यातला एक उपसून आला आणि चढणारा माणूस कमरेतून कायमचा अधू झाला. रविवारी नवशिक्यांची तुकडी यायची होती.

निघण्यापूर्वी तिने ओट्यावर सामान मांडलं. बोल्टवर बसणारे, दोर अडकवायचे कान, म्हणजे हँगर, भाऊजींनी भलत्याच धातूचे आणले होते.

"हे नकोत. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू शेजारी बसले, की एक दुसऱ्याला खातो."

"आपल्या आत्या आणि काकांसारखं."

"चेष्टा नको, भाऊजी. यावर माणसं लटकणार आहेत."

तिने बोल्ट आणि हँगर एकाच न गंजणाऱ्या पोलादाचे निवडले. बोल्ट चांगले बोटभर लांब घेतले.

भर दुपारी ती चौथ्या बोल्टशी पोचली. पाना लावायची गरजच पडली नाही. किडका दात हिरडीतून यावा तसा बोल्ट बोटांनीच निघाला. ओला. त्यामागे पांढुरक्या लाळेसारखी तार लोंबली. मग दर्प आला, वीज गेलेल्या बंद फ्रीजमध्ये मांस कुजावं तसा. तिने झटकन तोंड फिरवलं.

"काय झालं?" खालून भाऊजी ओरडले.

"आत काहीतरी मेलंय."

"कातळात?"

तिने वीतभर बाजूला हातोडी मारून पाहिली. आवाज खणखणीत आला. तिथे तिने ड्रिल लावलं. आधी कोरडी पूड उडाली, मग पुडीचा लगदा झाला. गुलाबी, कोमट लगदा तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तिने तो पुसला, तर शेंबडासारखा ताणला गेला.

सोडून द्यावं असं वाटत होतं. पण भोक अर्धवट ठेवलं तर रविवारी कोणीतरी त्यात बोल्ट बसवणार. आणि भोकात पूड राहिली, की बोल्ट पकड घेत नाही. म्हणून तिने नेहमीची बारीक नळी, तिची फुंकणी, भोकात घातली, डोळे मिटले आणि फुंकर मारली.

एरवी पूड उलटून तोंडावर येते. आज काहीच आलं नाही. हवा आत जात राहिली, पोतं भरावं तशी. तिचा श्वास संपला. ओठ नळीवरून काढणार, तोच हवा परत आली. ऊन, दाट, नासलेली. जिभेवर काहीतरी मऊ आणि रवाळ आलं. श्वास घ्यायच्या घाईत तिने ते गिळलं.

ती कड्यावरच ओकली.

"भाऊजी... खाली घ्या... लवकर खाली घ्या मला..."

खाली येताच ती वाळूत बसली आणि दोन्ही हातांनी जीभ खरवडत राहिली. भाऊजींनी पाणी दिलं. मग त्यांनी खालून दोर धरला, तिने खालचे तीन बोल्ट काढून टाकले आणि दोघांनी चढाईची वाट बंद असल्याची पाटी लावली. तुकडी दुसऱ्या कड्यावर गेली, सुखरूप परतली.

पण त्या चढाईच्या दुसऱ्या सकाळपासून तिच्या चुळीत दगडाची राखाडी पूड येऊ लागली. डॉक्टरांनी घशात कॅमेरा घातला. सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टरांशिवाय तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायचीसुद्धा किळस येत होती.

तीन आठवड्यांनी भाऊजी आले. बसले नाहीत.

"वहिनी... तुमच्या चुळीत काही येतं का?"

तिने घाईने ओठ पुसले. "तुम्हाला... कोणी सांगितलं?"

त्यांनी मुठीतला रुमाल उलगडला. आत लाळेने माखलेली, गंजून सोललेली, बोल्टच्या नटाखाली बसते ती चाकी, वॉशर, होती.

"आज सकाळी खोकल्यातून आली," भाऊजी हळूच म्हणाले. "मी तर वर चढलोच नव्हतो, वहिनी..."

तिने चाकीला बोट लावलं. ती अजून कोमट होती.