शेजारणीची चाई

"अगं बाई!" अंजनीच्या हातून पुडी निसटता निसटता राहिली. शहापूरच्या काष्ठौषधीच्या दुकानात, भर दुपारी, शेजारी उभ्या अनोळखी तरुणानं टोपी काढून तिच्यापुढं डोकं वाकवलं होतं... आणि कानाच्या वर रुपयाएवढं गुळगुळीत टक्कल!

तशी चूक तिचीच. चाईवर, केसांतल्या असल्याच टकलाच्या चट्ट्यावर, लावायला गुंजा मागितल्या, वर कुणी न विचारता "शेजारणीसाठी" म्हणून सांगितलं.

"शेजारणीला सांगा, गुंज उगाळून लावू नगा," तो हसला. "मी लावलीती. कातडं सोललं, केस काय आलं न्हाईत."

"मग जन्मभर टोपीच व्हय?"

"छे! पोरगी बघायला जाईन तवा काढणार की. तिनं बघूनच व्हय म्हणावं."

"लई धीट दिसताय!"

"आन् शेजारीण?"

अंजनीनं वडगावच्या घरची वाट धरली ती मागं न बघता. गाल तापलेले, डोक्यात मात्र येता रविवार. संकेश्वरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. बायका वेणी सोडून केस बघायच्या, आणि तिच्या मानेवरच्या केसांत तस्संच टक्कल! स्थळ हातचं गेलं तर? तिनं गुंजा कोनाड्यात टाकल्या. थोरल्या बहिणीनं, आक्कानं, खोट्या केसांचं गंगावन घालून वेणी आवळली.

रविवारी घरातले हातमाग बंद होते. पोह्यांची बशी पुढं करताना अंजनीनं नजर उचलली आणि गारच पडली. तोच! भरमा त्याचं नाव. शेजारी बसलेल्या त्याच्या मामा मारुतीरावांच्या धाकानं टोपी पार कानापर्यंत ओढलेली. म्हणे धीट! तिला राग आला, हसूही आलं.

पाहुण्यांतल्या मावशीबाई वेणीकडं सरकल्या. अंजनीनं त्यांचा हात धरला, स्वतःच गंगावन उपसलं, केस बाजूला केले आणि सगळ्यांकडं पाठ केली.

आक्का गंगावन उचलायला धावली.

"शेजारीण धीट हाय," अंजनी भरमाकडं वळली. "आता तुमी."

भरमानं टोपी काढली.

"घाल रं ती!" मामा ओरडले.

"न्हाई मामा." तो अंजनीकडं वळला. "औषध... लावणार?"

"माझ्या मनात आलं तर लावीन. गुंजा न्हाई."

"आन्... माझं टक्कल? बघून व्हय म्हणतासा?"

मुलीला असं कुणी विचारतं का!

"दुकानातच बघितलंतं," अंजनी म्हणाली. "व्हय."