लहरी ताऱ्याच्या सात चिठ्ठ्या

दिवेलागण झाली की मिरजेच्या आकाशमित्र मंडळाच्या गच्चीवर एक अजब शांतता पसरायची. सात माणसं पाळीपाळीने दुर्बिणीला डोळा लावायची, चिठ्ठीवर एक शब्द खरडायची आणि चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायची. ताऱ्याविषयी आपसांत चकार शब्द काढायचा नाही, हा ऐनापुरेकाकांचा दंडक. एकाचं ऐकून दुसऱ्याचा डोळा बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. काका रेल्वेतले निवृत्त गार्ड. हिरवा म्हणजे हिरवा आणि लाल म्हणजे लाल, यापलीकडे तडजोड माहीत नसलेला माणूस.

त्यांचा लाडका तारा रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा. मंडळाने त्याचं नाव 'लहरी' ठेवलं होतं. हल्ली मात्र तो सगळ्या लहरी विसरून मंद पडून होता, आणि काका रोज लिहीत होते, 'उजळ'.

चिठ्ठ्या वाचून त्या 'वेधजाला'ला कळवण्याचं काम कार्यवाह यास्मिन मुजावरकडे होतं. वेधजाल म्हणजे जगभरच्या हौशी निरीक्षकांचे वेध पारखणारी यंत्रप्रज्ञा. ती प्रत्येकाला विश्वासांक द्यायची. इतरांपेक्षा वेगळं पाहणाऱ्याचा अंक घसरायचा आणि तळाला गेला की नाव कायमचं कटायचं. रोजच्या 'उजळ'मुळे काकांचा अंक तळाला टेकत आल्याची सूचना मंडळातल्या सगळ्यांच्या फोनवर आली. काका फोन फक्त बोलायला वापरत, म्हणून त्यांना तेवढं कळलं नाही.

यास्मिनचा जीव तुटला. तिच्या औषधांच्या दुकानात येऊन, "पोरी, शनीची कडी बघितलीस का कधी?" असं विचारत तिला गच्चीवर ओढून आणणारे हेच काका. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांची बोलणी खाऊन दुसऱ्याच संध्याकाळी पट्टीसकट हजर झालेले. त्यांना आता एका यंत्राने 'तुमचे डोळे गेले' म्हणून सांगायचं? त्या दिवशी तिने दुर्बिणीतून पाहिलं. लहरी मंदच होता. तिने लिहिलं, 'उजळ'.

डबा उघडला आणि ती चक्रावली. सातही चिठ्ठ्यांवर 'उजळ'! म्हणजे आपल्यालाच दिसलं नाही की काय? तिने गुपचूप वेध पाठवून दिले.

सात जणांचं एकमत झाल्यावर वेधजाल खडबडून जागं झालं आणि त्याने अवकाशातली मोठी दुर्बीण लहरीकडे वळवली. पुढच्या बैठकीला भिंतपडद्यावर वेधजाल चालवणाऱ्या केंद्राच्या डॉ. वैजयंती नाडकर्णी स्वतः अवतरल्या.

"अभिनंदन! तारा खरंच उजळलाय. त्याचा छोटा तप्त जोडीदार तारा पेटलाय. पण उजळलाय तो फक्त अतिनील प्रकाशात."

"जांभळ्याच्या पलीकडं?" काका पुढे सरसावले. "पण बाई, तो माणसाला दिसत न्हाई की."

"दिसत नाही, कारण डोळ्यातलं भिंग त्याला वाटेतच अडवतं. ते अडवणं नसेल, तर आतल्या पडद्याला तो जाणवतो. मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवताना डॉक्टर त्यात मुद्दाम गाळणी घालतात. तुमचं ऑपरेशन झालंय? त्यात गाळणी घातली होती?"

"छ्या! मी नको म्हटलं. आभाळातनं येतंय ते अडवायचं कशाला?"

"मग तुम्हाला तो दिसणारच, काका. या शोधाचं पहिलं निरीक्षण तुमचं."

काकांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला. यास्मिनच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांचं नाव राहिलं होतं, आणि तेही मानाने.

"एकच शंका राहिली," बाई म्हणाल्या. "बाकी सहा जणांचंही बिनगाळणीचं ऑपरेशन झालंय का?"

दातांचे डॉक्टर चौगुले आपल्या चपला न्याहाळू लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. सहाही जणांना आत्ता कळत होतं की, आपण एकटेच खोटं बोललो नव्हतो.

"काका, मला मंद दिसला होता," यास्मिन कशीबशी म्हणाली. "तुमचं नाव कटणार होतं."

"मलाबी मंदच," चौगुले पुटपुटले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

काका पडद्याकडे वळले. "बाई, ह्या सहा जणांचे वेध रद्द करा."

पडदा विझला. काका सहा जणांकडे वळले.

"माझ्यासाठी खोटं लिवलंसा, माया कळली मला," ते म्हणाले. "पण म्हातारा खरंच बघत असंल, असं तुमच्यातल्या एकालाबी वाटलं न्हाई?"

यास्मिनला हे फार लागलं. ज्यांच्यावर आपण इतका जीव टाकला, त्यांच्यावर विश्वास टाकायचं आपल्या मनातही आलं नव्हतं. तिला तोंड वर करवेना.

काकांनी दुर्बीण लहरीवर लावली, स्वतः पाहिलं आणि बाजूला सरकले. "ये. बघ."

तिने डोळे पुसून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"मंद आहे, काका."

"मला झगझगीत दिसतोय," काका म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून पुन्हा हसले. "दोन्ही खरं हाय बघ. तसंच लिही आता."