बुडालेल्या बाभूळवनावरून

कुलदैवताचा तांदळा घेऊनच परतायचे, असा निश्चय करून हिंदुरावांनी गूळ कढवायची मोठी काहील होडीसारखी धरणाच्या पाण्यात लोटली. दोन वर्षांपूर्वी भीमाकाठचे गाव बुडाले, तेव्हा सामानाच्या गडबडीत ती शिळा टेकडीवरच राहिली होती. एकोणऐंशी सालच्या वैशाखात पाणी उतरले, टेकडी बेटासारखी वर आली. आणि आठवड्यावर थोरल्या मुलाचे लग्न होते.

बरोबर धाकटी बहीण सोजरबाई होती. तिने वाळलेल्या भोपळ्यांची एक जोडी कमरेला बांधली, दुसरी भावापुढे धरली. माहेरच्या वाटेवर भोपळे कशाला, म्हणून हिंदुराव हसले. पण ती काठावरून हलेना, तेव्हा त्यांनी नाइलाजाने गाठ मारून घेतली.

लांबच्या मोकळ्या पाण्याने जावे, असे तिचे म्हणणे होते. हिंदुरावांनी मात्र काहील जुन्या गाडीवाटेवर घातली. हा बांध, ही विहीर, हे आपले बाभूळवन. पाण्याखालची वीत न् वीत त्यांना पाठ होती. विसरले ते एवढेच, की हिवाळ्यात बाभळींवर पुरुषभर असलेले पाणी आता शेंड्यांपर्यंत उतरले होते.

खर्रर्र! काहील अडकली. तळाचे जुने ठिगळ उचकटले. पाणी उसळून आत आले!

"उठू नगं, दादा!"

पण हिंदुराव उठले होते. काहील कलली. क्षणात ते पाण्यात! धोतर काट्यांत गुंतले. नाकातोंडात पाणी गेले. भोपळ्यांनी मात्र त्यांना बुडू दिले नाही. सोजरबाईने गुडघ्यांवर बसूनच पदर फाडून भोकात कोंबला आणि वल्हे पुढे केले. धोतराचा सोगा बाभळीला देऊन, काहिलीची कड धरून, ते कसेबसे टेकडीला लागले.

तांदळा दहा पावलांवर होता. शेंदूर धुऊन गेला होता, तरी ओळख पटत होती. हिंदुरावांनी पाऊल टाकले मात्र, डोक्यावर पांढुरक्या पाखरांचा कल्लोळ उठला! मातीत, खडकावर, अगदी देवाच्या कडेलाही ठिपक्याठिपक्यांची अंडी उघड्यावर पडली होती. पाखरे अशीच घिरट्या घालत राहिली, तर त्या उन्हात अंडी भाजून निघणार, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

"चार ढांगांचं काम हाय," ते पुटपुटले. "देवाबिगर लगीन कसं करू, सोजर?"

सोजरबाई तांब्याने काहिलीतले पाणी उपसत होती. वर न पाहताच ती म्हणाली, "आपल्याला गावातनं उठवलं, तवा चार म्हैन्यांची नोटीस दिलती की. ह्यांला किती देतूस?"

टाकलेले पाऊल मागे आले. निथळत्या अंगाने त्यांनी लांबूनच हात जोडले. ते पाण्यापाशी येऊन उभे राहिले, तशी पाखरे एकेक करून अंड्यांवर उतरू लागली.

परतीला काहील मोकळ्या पाण्याने निघाली. वल्हे सोजरबाईच्या हाती होते. निघण्याआधी हिंदुरावांनी भोपळ्यांच्या गाठी ओढून पाहिल्या. आधी बहिणीची, मग आपली.