तळ्यावरचा पुठ्ठा

दुपारची वेळ ताईला फार आवडायची. जेवणं उरकलेली, गल्ली पेंगुळलेली, खिडकीच्या जाळीतून आलेलं ऊन लाकडाच्या भुशावर सांडलेलं... अशा वेळी हातातलं नखाएवढं घर खरंच कुणाचंतरी घर वाटू लागायचं.

ताई मॉडेलं करायची. इमारती उभ्या राहण्याआधी त्या कशा दिसतील, ते पुठ्ठ्याचं, फोमचं आणि तारेच्या झाडांचं जग टेबलावर मांडायचं, हा तिचा धंदा. सासऱ्यांनी सुरू केलेला आणि नवऱ्याला कधीच न जमलेला. नवरा परगावी नोकरीला होता. बाहुल्यांचा खेळ मांडून घर चालवणारी बायको आपल्यालाच मिळाली, असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा.

त्या दिवशीचं काम घाईचं होतं. तशी हल्ली सरकारची सगळीच कामं घाईची. तळ्याकाठच्या भागात रुंद रस्ता, बस आगार आणि उंचच उंच मनोरे, असं सगळं एका दमात मंजूर झालं होतं. पूर्वी अशा कामाआधी लोकांना विचारायचे, पाण्याचा, झाडांचा, पाखरांचा अभ्यास व्हायचा. निदान तसं नाटक तरी व्हायचं. आता नवा नियम आला होता, की महत्त्वाच्या कामांना हे सगळं माफ. आणि कुठलं काम महत्त्वाचं ते ठरवणारेही तेच. लोकांनी मोर्चे काढले, पेपरात लिहून आणलं. हरकती द्यायला गेले, तर हरकतींची मुदत आदल्याच दिवशी संपलेली. ताईने या सगळ्याकडे काणाडोळा केला होता. तिच्याकडे येणारी बहुतेक कामं त्याच खात्याची. त्यांना नाही म्हटलं तर दुकानाला टाळं लावायची वेळ आली असती.

"उद्या मोठे साहेब मॉडेलवरचं कापड काढणार," नियोजन खात्याचे साहेब सकाळी फोनवर म्हणाले होते. "तळं दाखवू नका. तिथे वाहनतळ."

"पण साहेब, तळं तर आहे ना?"

"आज आहे हो!" साहेब हसले. "मॉडेल उद्याचं असतं."

हे वाक्य ताईला तेव्हा मनापासून आवडलं होतं.

नवा पाया करायला वेळ नव्हता. पण त्याच भागाचं एक जुनं मॉडेल माळ्यावर होतं, मामंजींच्या हातचं. सासऱ्यांना ती मामंजी म्हणायची. कडेने उंचवटे, त्यांवरून उतरणाऱ्या पायवाटा आणि मधल्या खोलगट जागेत तळं. पारदर्शक राळेचे पातळ थर एकावर एक ओतून त्यांनी ते केलं होतं. वाकून पाहिलं की तळ दिसायचा नाही, इतकं खोल वाटायचं. काठावर धाकटीचं घर होतं, निळ्या दाराचं. धाकटी म्हणजे ताईची पाठची बहीण. लग्न होऊन ती तळ्याकाठी राहायला गेली, तेव्हा मामंजींनी एका केसाचा कुंचला घेऊन गमतीने ते दार रंगवलं होतं.

मामंजींचा एक दंडक होता. खालचं सगळं खरवडून काढल्याशिवाय वर काही चिकटवायचं नाही. खाली हवा राहते, ती पुढे त्रास देते. ताईने पटाशी घेतलीही होती, पण राळ दगडासारखी घट्ट, वेळ थोडा आणि समोर ते निळं दार... तिने पटाशी खाली ठेवली. उंचवट्यांच्या कडांना गोंद लावला आणि तळ्यावर, काठच्या घरांवर, सगळ्यांवर मिळून एकच मोठा करडा पुठ्ठा अंथरला.

तो बसवताना खालून एक बारीकसा आवाज आला. गुणगुण केल्यासारखा. डास अडकला असेल, म्हणून तिने वरून एक चापट मारली. आवाज थांबला.

मग तिने वजनं घेतली. जुन्या, कोळशाच्या, जडशीळ इस्त्र्या होत्या त्या. आधी चारही कोपऱ्यांवर एकेक ठेवायची आणि सगळ्यात शेवटी मधोमध, म्हणजे पुठ्ठा पक्का बसतो. चार ठेवून झाल्या. पाचवी उचलली, तेवढ्यात फोन वाजला.

धाकटीचा होता. दोघींची बोलाचाली बंद होती. तळं वाचवायला जी माणसं रस्त्यावर उतरली होती, त्यांच्यात धाकटी सगळ्यांत पुढे. ताईने मॉडेलचं काम घेतल्याचं कळलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "आमच्यावर झाकण घालायला तूच मिळालीस का गं त्यांना?" आणि त्यानंतर काहीच नाही.

"ताई, कामात आहेस?"

"नाही... बोल ना. किती दिवसांनी गं!"

"तुझ्याकडे ऊन आहे?"

"चांगलं रणरणतंय. का?"

"इथे नाहीये." धाकटीचा आवाज घाबरलेला नव्हता. झोपेतून बोलावं तसा मऊ, सावकाश होता. "अंधारलंय. पण ढग नाहीत, ताई. आभाळच नाही. करडं, सपाट असं काहीतरी खाली आलंय. बगळे उडाले आणि लगेच परत बसले, वर जागाच नसल्यासारखे."

ताईच्या हातातली इस्त्री तशीच राहिली.

"मघाशी हे खाली येताना दिसलं," धाकटी सांगत होती. "आम्ही सगळी माणसं बाहेर येऊन ओरडलो. कुणाला हाका मारत होतो कोण जाणे. तेवढ्यात जमीन हादरली. आणि वास येतोय... गोंदाचा. तुझ्या हातांना येतो ना, तसा."

खोलीत ऊन होतं तसंच होतं. पाचवी इस्त्री ताईने हळूच जमिनीवर टेकवली. मग पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यावरची इस्त्री उचलली आणि कड बोटाने जराशी वर केली.

"आता?" तिने विचारलं.

"बगळ्यांच्या झाडामागे... एक चीर पडली उजेडाची." धाकटी थांबली. "तुला कसं कळलं?"

ताईने कड सोडली.

"गेली..." धाकटी म्हणाली.

ताईला उद्याचं कापड दिसलं, त्यावरची फुलं दिसली. गोंद धरत चालला होता. आता उचकटला तर पुठ्ठा फाटणार, दुसरा करायला वेळ नाही. साहेब पुन्हा दारात उभं करणार नाहीत. हा सगळा हिशेब तिच्या मनात झाला, एवढ्यातही झाला, आणि त्याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली.

"ताई, श्वास घेताना छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होतंय गं..."

ताईने इस्त्र्या बाजूला भिरकावल्या आणि दोन्ही हातांनी पुठ्ठा ओढला. तो सुटेना. नखं दुखावली. मग फरकन आवाज झाला आणि अर्धाअधिक पुठ्ठा हातात आला, उरलेला तिने लचके तोडावेत तसा तोडून काढला.

खालून गारवा आला. शेवाळाचा, ओल्या दगडांचा वास. वर्षानुवर्षं कडक असलेल्या त्या राळेवर तिने बोट टेकवलं. बोट ओलं झालं, आणि त्याच्याभोवती एक वलय उठून पसरत पसरत काठापर्यंत गेलं.

"अगंबाई!" फोनमध्ये धाकटी म्हणाली. "पाणी उसळलं... पार उंबऱ्यापर्यंत आलं. आभाळ उघडलं, ताई! लख्ख ऊन!"

ताईने रोखून धरलेला श्वास सोडला.

"आणि वारा," धाकटी म्हणाली. "केवढा मोठा वारा सुटला..."

"ऐक माझं," ताई म्हणाली. "आहेस तशी निघ. आत्ताच्या आत्ता माझ्याकडे ये."

धाकटी आली तेव्हा उन्हं कलली होती. तिच्या चपला चिंब होत्या, घोट्यांना हिरवं शेवाळ लागलेलं. दारातच ताईने तिला जवळ घेतलं. रागावायचं कोणी, समजूत घालायची कोणी, हे दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. मग स्टोव्हवर चहा ठेवला. धाकटी कप घेऊन टेबलापाशी गेली आणि बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"दार उघडंच राहिलं बघ घाईत," ती म्हणाली.

ताईने पाहिलं. रंगाने काढलेलं ते निळं दार किलकिलं होतं.

कोपऱ्यातला पंखा फिरत होता, तळ्यावर बारीक लाटा येत होत्या, आणि ताईला कितीतरी दिवसांनी गाढ, सुखाची झोप येऊ पाहत होती. बहीण इथे होती. आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर.

साहेबांचा फोन आला. ताईने सरळ सांगून टाकलं, "साहेब, हे काम माझ्याकडून व्हायचं नाही."

साहेब चिडले नाहीत. "असू दे, असू दे. मनाला लावून घेऊ नका. इतकं घाईचं काम, एकावरच विसंबून कसं चालेल? दुसऱ्या कारखान्यालाही दिलं होतं. आणि बरंच झालं म्हणा, कारण आता दुसरा टप्पाही त्यातच घेतलाय. आजच मंजुरी मिळाली."

"दुसरा टप्पा?"

"तळ्यापासून थेट तुमच्या गल्लीपर्यंत! कळवतीलच तुम्हाला. तिथला पोरगा हुशार आहे हो, हात चालतो त्याचा. आत्ता पुठ्ठा लावायलाच घेतलाय म्हणाला."

फोन बंद झाला. ताईने खिडकीकडे पाहिलं. ऊन गेलं होतं. संध्याकाळ झाली की हळूहळू जातं तसं नाही, खिडकीवर कुणी पडदा ओढावा तसं एकदम. गल्लीच्या वर, छपरांना टेकेल इतक्या खाली, करडं आणि सपाट काहीतरी आलं होतं. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली आणि परत बसली.

"ताई," धाकटीने हलक्या आवाजात विचारलं, "तू आत्ता काही चिकटवतेयस का?"

"नाही गं..."

गोंदाचा वास येत होता. ताईने नकळत स्वतःच्या हातांचा वास घेतला. हातांना शेवाळाचा येत होता.

मग दूर तळ्याच्या बाजूला, खूप उंचावर, धप्प झालं. कपातला चहा थरथरला. थोड्या वेळाने टेकड्यांकडे दुसरं. ताईला तो आवाज चांगला ओळखीचा होता. तिसरं बाजाराच्या अंगाला. चौथं अगदी जवळ, गल्लीच्या तोंडाशी, आणि भिंतीवरच्या पटाश्या खळखळल्या.

"झालं का?" धाकटीने तिचा हात घट्ट धरला. "आणखी काय राहिलं?"

"मधलं," ताई म्हणाली.

खोलीत आता काळोख होता. उजेड होता तो फक्त टेबलावर, उघड्या तळ्यात. तिथे दुपारचं ऊन अजून तसंच पाण्यावर पडलेलं होतं.

दोघी धावत बाहेर आल्या. गल्लीतली सगळी माणसं दारांत, गच्च्यांवर येऊन उभी होती, माना वर करून. ताईने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "अहो थांबा! खाली माणसं आहेत!" धाकटी ओरडली. शेजारी ओरडले. बघता बघता सगळी गल्ली ओरडू लागली, आणि इतक्या गळ्यांचा तो कल्लोळ वरच्या पुठ्ठ्याला जाऊन भिडला.

ओरडता ओरडता ताईला दुपारची ती गुणगुण आठवली. आणि मग ती चापट.