विमानात भेटलेला नवरा

विमानात माझ्या शेजारी जो माणूस येऊन बसला, तो माझा नवरा होता.

खरं तर तिथं छबुबाई बसली होती, आमच्या मुकादमाची बायको. पण खिडकीतून विमानाचा पंख थरथरताना दिसला आणि ती घाबरून उठलीच. "मला मधी कुटंतरी बसवा गं बाई!" मग हवाई सुंदरीनं पुढच्या एकाला तिच्या जागेवर पाठवलं. तो निघाला धर्मराज. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि... दोघंही लाजलो. लग्नाला सहा महिने झाले होते, तरीसुद्धा.

त्या साली आमच्या शिरूर कासारकडं दसऱ्यालाच विहिरी आटल्या. निम्मं गाव ऊसतोडीला निघालं. दिवाळीआधी माझं लग्न लागलं आणि हळद उतरायच्या आत ट्रक दारात आला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लग्नाची घाई कशासाठी होती ते मला ट्रकमध्ये बसल्यावर कळलं.

पुढं सगळा सीझन कोल्हापूरकडच्या एका सहकारी कारखान्याच्या फडात. तो ऊस तोडायचा, मी मागून मोळ्या बांधायची. पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, सासूबाई केशरबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणायची), धाकटा दीर आणि आम्ही. धर्मराज माझ्याशी तीनच गोष्टी बोलायचा. "मोळी बांध." "पाणी दे." आणि डोक्यावर मोळी घेऊन मी ट्रकच्या फळीवर चढायला लागले की, "संभाळून."

मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बीडला माझी मावशी दवाखान्यात नर्स होती. बारावीच्या मार्कांवर नर्सिंगला नंबर लागेल म्हणाली. सीझन संपला की लिंबागणेशला माहेरी जायचं, तिथून बीडला, आणि या घरी परत यायचं नाही. या माणसाला माझी गरज मोळीपुरतीच आहे, असं मी धरून चालले होते.

त्यातच कारखान्याला पन्नास वर्षं झाली. चेअरमन बबनरावांनी जाहीर केलं की यंदा तोडणीच्या काही जोड्यांना विमानानं गोवा दाखवायचा. कोल्हापूरहून गोवा बसनं चार-पाच तासांचा. पण विमानात बसायचं म्हणून आम्हाला आधी उलटं पुण्याला नेलं.

विमान वर गेलं. 

"काय दिसतंय?" तो समोरच्या सीटकडं बघत म्हणाला.

"डोंगर."

"आन् आता?"

"डोंगरच. वाळलेले."

मग डोंगर एकदम तुटले. खाली हिरवं लागलं, दाट, मधून जमीनच दिसेना. एक रुंद नदी आली, तिच्यावर मातीनं भरलेल्या बोटी चालल्या होत्या.

"आता कावून गप झालीस?"

"तुमीच बघा की."

"तुझ्यावर वाकावं लागंल..."

"मग वाका."

बोलून गेले आणि कान तापले. तो वाकला. नव्या शर्टाचा वास आला. त्याची हनुवटी माझ्या खांद्यापाशी थांबली, टेकली नाही.

खाली नदीला फाटे फुटले होते. फाट्यांच्या मध्ये बांध घातलेली शेतं, कडेनं नारळ. मग शहर आलं. लाल कौलं, उतारावर एक पांढरंशुभ्र चर्च, नदीवर शेजारी-शेजारी पूल आणि त्यांवरून सरकणाऱ्या बारीक गाड्या. जिथं शहर संपलं, तिथं मला वाटलं ढगाची सावली पडलीय. पण ती हलेना. मग तिच्यावर एक जहाज दिसलं.

"समुद्र," तो म्हणाला.

आम्ही दोघांनीही तो पहिल्यांदाच बघितला.

"एवढं पाणी..." मी म्हणाले.

"खारं हाय ते."

"म्हाईत हाय मला. शिकलेय मी."

"बारावी. फस्ट क्लास."

मी वळून बघितलं. "तुमाला कुणी सांगितलं?"

"लग्नाच्या आधी इचारलंतं मी. आईनं काळी का गोरी ते इचारलं, मी शिक्षण इचारलं."

"मग सहा महिने बोलला कावून न्हाई?"

"कुटं बोलू? कोपीत आई हातभर लांब झोपती. फडात मी पुढं, तू मागं. तुझं तोंडच दिसत न्हाई!"

मी एवढ्यानं हसले की तीन रांगा पुढं छबुबाईनं मान वळवून बघितलं.

तेवढ्यात विमान कलंडलं. सगळं शहर खिडकीत उभं राहिलं, बंदरावरची जहाजं, किनाऱ्याची फेसाळ कड, सगळं. त्यानं घाबरून सीटचा हात धरला. तिथं माझा हात होता. विमान सरळ झालं तरी त्यानं सोडला नाही.

"शिवकन्या..."

माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

"तू बीडला जाणार हायेस न्हवं?"

मी खिडकीवरून नजर काढून त्याच्याकडं बघितलं.

"हापशावर मावशीसंगं फोनवर बोलत होतीस. मी मागं घागर घिऊन उभा होतो."

"परत येणार न्हाई म्हणाले... ते बी ऐकलं?"

"ते बी."

"मग आत्याबाईंना सांगितलं न्हाई?"

"तुझी गोष्ट हाय. मी कावून सांगू?" तो थोडा थांबला. "जा तू. शीक. पुढच्या सीझनला मला अर्धा कोयता धरा म्हणून मुकादमाला सांगून आलोय."

जोडी नसलेल्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात. गावात त्यावरून हसतात.

"मी—"

"आत्ता सांगू नको. हितनं वरून सगळंच चांगलं दिसतंय. खाली उतरल्यावर सांग."

दुपारी आम्हाला समुद्रावर नेलं. गडीमाणसं पँट वर करून पाण्यात शिरली. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. लाट पायांखालची वाळू ओढून नेत होती.

"मला शिरूरच्याच दवाखान्यात नोकरी लागली तर?" मी विचारलं.

"तर काय?"

"तर ऱ्हायला खोली बघावी लागंल. दोघांना."

 तो खाली वाकला, ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकला. "खरंच खारं हाय," म्हणाला. पण हसू काही त्याला आवरेना.

जूनमध्ये मी बीडला गेले. घरात मोठं भांडण झालं. सासूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. त्या वर्षीही पाऊस दगा देऊन गेला आणि दिवाळीनंतर ट्रक माझ्याविनाच निघाला.

धर्मराज रोज संध्याकाळी फोन करायचा, पण फडाच्या कडेला जाऊन, हळू आवाजात. एकदा होस्टेलच्या जिन्यात मी त्याचा फोन घेतला, तर मागं भांड्यांचा आवाज.

"कुटून बोलताय?"

"कोपीतूनच."

"आत्याबाई?"

"हितंच हाय. समदी हायेत." तो खाकरला. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "लई आठवण येती तुझी."

पलीकडं भांडी थांबली.  कुणीतरी फोन हिसकावून घेतल्यासारखं झालं आणि केशरबाईंचा आवाज आला, सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"सुट्टी कवा हाय गं तुला? ह्यो नीट जेवत न्हाई."