नावांचा रकाना

त्या दुपारचे काम अगदी साधे होते. आमच्या लोकसाहित्य संस्थेच्या ध्वनिसंग्रहाचा संगणक उघडायचा होता, आणि त्याचा मुख्य पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. तो जाणणाऱ्या टंकबाई आठ महिन्यांपूर्वी वारल्या. बावीस वर्षे त्यांनी मी गोळा केलेल्या कथा ऐकल्या, कागदावर उतरवल्या, त्यांची सूची केली. टंकलेखन करीत म्हणून टंकबाई. पुढे नुसत्या बाई.

घाईला कारण होते. माझ्या सूडकथांच्या ग्रंथातील निम्म्या कथा मीच रचल्या आहेत, असा आरोप झाला होता. दुसऱ्या दिवशी चौकशी समितीपुढे मूळ ध्वनिमुद्रणे ऐकवायची होती. तसे घडले नसते तर उभ्या आयुष्यात मिळवलेले नाव गेलेच म्हणायचे.

संगणक दुरुस्त करणारा तंत्रज्ञ पन्नाशीचा होता, बोलका होता.

"पासवर्ड म्हणजे सासूबाईंचं मन, सर," तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "अंदाजाने उघडायला गेलं की आणखी घट्ट मिटतं."

पहिला अंदाज चुकताच पडद्यावर खूण उमटली. विसर पडलाच तर आठवावे म्हणून बाईंनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली खूण : माझे पूर्ण नाव.

"मग झालंच की! सांगा नाव."

मी तोंड उघडले, आणि ते तसेच उघडे राहिले.

शिपाईमामांना हाक मारली. त्यांनी बराच वेळ डोके खाजवले. "बाईच की, साहेब. बावीस वर्षं तेच. आम्ही दुसरं काय म्हणणार?"

"हजेरीपटावर असेल ना?" मी विचारले.

"तिथं त्या नुसतं 'टंकलेखिका' लिहायच्या. पदनाम पुरे, असं तुम्हीच सांगितलं होतं."

तंत्रज्ञाने माझ्याकडे वळून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा विरली होती. "बावीस वर्षं... ना, सर?"

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मूळ सूचीत बाईंनी कथा सांगणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे नाव नोंदवले होते. ग्रंथ छापण्यापूर्वी मी तो रकाना गाळायला लावला. "लोककथेला कर्ता नसतो, बाई," मी समजावले. त्यांनी हळूच विचारले, "मग पुस्तकाला कसा असतो, सर?" मी हसलो. ते हसणे मला तेव्हा विद्वत्तेचे वाटले होते. त्यांच्या आजारपणात मी भेटायला गेलो नाही.

"नाव राहू द्या," तंत्रज्ञ म्हणाला. "पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करतो. जुना पासवर्ड कळायचा नाही, पण तो पुसून नवा घालता येईल."

अर्ध्या तासात संगणक उघडला. खिडकीतून स्वच्छ ऊन आत येत होते. त्या उन्हात लवंगेचा वास हळूहळू पसरू लागला. घसा धरू नये म्हणून बाई दिवसभर तोंडात लवंग ठेवीत. तंत्रज्ञानेही हवा हुंगून पाहिली.

सूची समोर आली. गाळलेला रकाना परत आला होता, आणि भरलेला होता. अकराशे चाळीस कथा, अकराशे चाळीस नावे. शेजारचा 'संग्राहक' हा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा होता.

"संग्राहक म्हणजे कोण, सर?"

"मी."

पहिल्या ओळीत मी माझे नाव लिहिले. अक्षरे उमटली, आणि शेवटून एकेक करून मिटत गेली. कळफलकावर खोडण्याची कळ आपोआप खाली जात होती... शांतपणे, सरावाने.

तंत्रज्ञाने दोन्ही हात वर केले. "मी हात लावलेला नाही हं, सर..."

दुसऱ्या दिवशी समितीपुढे ध्वनिमुद्रणे वाजवली. कथा सगळ्या होत्या, शब्दन् शब्द होत्या. प्रत्येक स्त्री आधी स्वतःचे नाव सांगत होती, जे मी कधीच विचारले नव्हते. जेथे मी प्रश्न केले होते तेथे निव्वळ शांतता होती. त्या शांततेनंतर उत्तर येई : "हो बाई, तसंच झालं." "सांगते ना, बाई." एकामागून एक, अशी चाळीस मुद्रणे आम्ही ऐकली.

समितीच्या अध्यक्षा बराच वेळ बोटातली अंगठी फिरवीत बसल्या. "कथा अस्सल आहेत," त्या अखेर म्हणाल्या. "आमची शंका चुकीची होती. पण यात... तुम्ही कुठे आहात?"

आरोप मागे घेतला गेला. ग्रंथही.

माझ्या संग्रहातील कथांतले मृतात्मे क्वचितच रक्त मागतात. बहुधा त्यांना आपली हक्काची वस्तू हवी असते, आणि ती मिळाली की ते निघून जातात. हे वर्गीकरण माझेच आहे. ते अपुरे आहे, हे मला आता कळते.

कारण सूचीच्या शेवटी आणखी एक ध्वनिमुद्रण आहे. त्यावर तारीख समितीच्या बैठकीची आहे. त्यात बाई आपले पूर्ण नाव सांगतात, स्पष्ट, सावकाश. कानावर पडते तोवर मला ते कळते; ते लिहून घ्यायला लेखणी उचलली की उरत नाही. त्यानंतर, समोरच्यानेही आपले नाव सांगावे म्हणून थांबतो ना आपण, तशा त्या थांबतात. पहिल्या दिवशी ही शांतता चाळीस सेकंदांची होती. काल अकरा मिनिटांची झाली. त्या शांततेत कोणीतरी श्वास घेते, शब्द जुळवू पाहते, अडखळते. तीस वर्षे मी माणसे आवाजावरून ओळखत आलो. तो श्वास माझाच, हे मला कोणी सांगायला नको.

काल अगदी शेवटी बाईंचा आवाज पुन्हा आला, जवळून, मायेने म्हणावे इतका मऊ.

"घाई नाही, सर... आठवेल तेव्हा सांगा."